राऊतभाऊंचं वायरिंग

आमच्या शेजारच्या राऊतभाऊंना मोटारसायकलची एखादी वायर सोडवायची असली की आधी माझी सही लागते. थट्टा करत नाही मी. सकाळी मी भाजी निवडत बसलेली असते, तेव्हा हे कुंपणापाशी येऊन उभे राहतात आणि वहीचं पान पुढे करतात. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं: "मागच्या दिव्याची वायर तपासणीसाठी सोडवत आहे. वेळ ९ ते १०.३०. परवानगी असावी." खाली माझी सही. काम झालं की परत येतात. "वायर जोडली, चाचणी घेतली." पुन्हा सही. त्या वहीच्या निम्म्या पानांना मेथीचा वास आहे.

भाऊ रेल्वेत सिग्नल खात्यात होते. तिथे म्हणे स्टेशनमास्तरने लिहून दिल्याशिवाय सिग्नलच्या वायरला बोट लावत नाहीत. निवृत्तीनंतर स्टेशनमास्तर कुठून आणणार, म्हणून शेजारीण धरली. मी सातवी शिकलेली बाई. पाच वर्षांपूर्वी डहाणूत राहायला आले आणि थेट स्टेशनमास्तर झाले. एवढी बढती माझ्या नवऱ्याला उभ्या नोकरीत मिळाली नाही.

"भाऊ, अंगण तुमचं, पक्कड तुमची. माझी सही कशाला?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, एकट्या माणसाच्या भरवशावर काही सोडायचं नसतं," एवढं बोलून ते वही मिटून गेले. लग्न न केलेल्या माणसाने असं म्हणावं, याची मला गंमत वाटली होती.

मोटारसायकल मात्र त्यांची नाही. ती त्यांच्या धाकट्या भावाची, विलासची. विलास अपघातात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. गाडी गोणपाटाखाली पडून होती. दोन सायलेन्सर, गोलमटोल टाकी, आणि आतल्या वायरी उंदरांनी शेवयांसारख्या खाल्लेल्या. विलासची मुलगी जागृती तलासरीकडच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली. एसटीचं काही खरं नाही, रोज उशीर. आई म्हणाली, स्कूटी घे. ही म्हणाली, "बाबांची गाडी आहे ना, काका नीट करून देईल." काकाने जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत देतो म्हणून सांगितलं. जून गेला, गणपती गेले, दिवाळी आली. पोरगी रोज एसटीच्या मागे धावते आहे आणि काका बिघाडांची वही भरतो आहे.

त्यातले अर्धे बिघाड तर त्यांनी स्वतः विकत आणलेले. गाडीला रंग द्यायला भाऊंनी माणूस धरला तो चिंचणीचा, होड्या रंगवणारा. का, तर म्हणे त्याचा रंग खाऱ्या वाऱ्यात टिकतो. टिकणारच. त्या भल्या माणसाने समुद्रात बुडवायची असल्यासारखे गाडीला तीन हात मारले, अगदी बोल्टांच्या भोकांतसुद्धा. गाडी लालभडक, देखणी झाली. मग भाऊंनी बटण दाबलं. हॉर्न वाजवला की पुढचा दिवा मिणमिणायचा. ब्रेक दाबला की हॉर्न कण्हायचा. किल्ली काढून घेतली तरच काय ती शांतता.

भाऊंनी एका बल्बला दोन वायरी जोडून दिवा केला होता. तो घेऊन पंधरा दिवस त्यांनी गाडीच्या अंगाअंगाला टोचलं. एक टोक बॅटरीला, दुसरं इकडे लाव, तिकडे लाव. बल्ब काही लागेना. नवी वायर घातली, नवा फ्यूज घातला, बॅटरीवर संशय घेतला. शेवटी त्यांना कळलं की करंटला परत जायला लोखंड लागतं आणि लोखंड रंगाखाली गाडलं गेलंय. मग पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक बोल्टाखालचा रंग खरवडत बसले. मी कुंपणावरून म्हटलं, "आधी रंगवायचं आणि मग खरवडायचं, हेही रेल्वेतच शिकवतात का?"

"वहिनी, बिघाड झाकून ठेवायचा नाही. दिसला पाहिजे," भाऊ मान वर न करता म्हणाले. "बिघडलं की लाल. आमचा एकच नियम. सिग्नलची वायर तुटो, बल्ब जावो, काहीही होवो, सिग्नल लालच पडला पाहिजे. गाडी थांबली की माणूस वाचला."

हा नियम त्यांनी कुठपर्यंत नेला होता, ते डिसेंबरात कळलं. गाडी तयार झाली. पण चाचणीला वजन हवं. वजन म्हणून माझी निवड झाली. या वयात कुणी आपली कशासाठी तरी निवड करतंय, म्हणून मीही पदर खोचून जागृतीच्या मागे बसले. कैनाडच्या रस्त्याला लागलो. गाडी झकास चालली होती, पोरगी गुणगुणत होती. आणि वळणावर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, गाडी फट्‌ करून बंद. मागून चिकूचे खोके भरलेला टेंपो येत होता. त्याने कचकन ब्रेक मारला, आमच्या शेजारून तिरका गेला आणि पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून गुजरातीत आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

ढकलत ढकलत घरी आलो. भाऊ अंगणातच उभे. गाडीच्या मागे वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मागचा बल्ब उडालाय. बरोबर. यंत्रणेने काम केलं."

यंत्रणा म्हणजे काय, तर मागचा दिवा विझला की इंजिन आपोआप बंद पडेल अशी जोडणी. रेल्वेतल्यासारखीच. त्यातच सहा महिने गेले होते.

तो टेंपो अजून डोळ्यांसमोर होता, त्यामुळे जीभ जरा जास्तच चालली. "भाऊ, रेल्वेत गाडी थांबली की मागची गाडीही लाल बघून थांबते. रस्त्यावर मागच्या टेंपोला कोण लिहून देणार, मी? भरधाव रस्त्यात गाडी बंद पाडायची आणि मागच्याने ठोकरायची वाट बघायची, ही कसली तुमची यंत्रणा?"

भाऊंनी उडालेला बल्ब काढून खिशात ठेवला आणि पायरीवर बसले. मला वाटलं, अपमान झाला. होऊ दे म्हटलं, कधीतरी व्हायलाच हवा होता.

जागृती माझ्याकडे हात धुवायला आली. साबण लावता लावता म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून बोललात."

"काय माहीत नव्हतं?"

"बाबा हायवेला गेले ना, संध्याकाळची वेळ होती. मागून ट्रक आला. गाडीचा मागचा दिवा बंद होता, ट्रकवाल्याला दिसलंच नाही." तिने नळ बंद केला. "त्या सकाळी बाबांनी काकाला सांगितलं होतं, दिवा मिणमिणतोय, बघ जरा. काका म्हणाला, रविवारी बघतो."

मी टॉवेल तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. वही नव्हती हातात. कुंपणाच्या त्या बाजूला उभं राहून म्हणाले, "वहिनी, ती जोडणी काढतोय. मागे दोन बल्ब लावतो, दोन वेगळ्या वायरींवर. एक गेला तर हँडलवर लाल दिवा लागेल, इंजिन चालूच राहील. पोरगी बघेल आणि सावकाश कडेला घेईल." मग जरा थांबून, "बरोबर आहे ना हे?"

इतक्या वर्षांत त्यांनी सह्याच मागितल्या, माझं मत विचारलं ते हे पहिल्यांदाच. माझ्या तोंडात तयार असलेलं सगळं मी गिळलं. म्हटलं, "बरोबर आहे भाऊ. देऊन टाका आता तिला."

सोमवारी जागृती उधव्याच्या रस्त्याने तलासरीला निघाली. भाऊंनी तिला हातसुद्धा केला नाही. आत गेले, स्वतःची म्हातारी स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "बाजारात जाऊन येतो." दोन तासांनी परत आले. पिशवी रिकामी. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी म्हटलं, डहाणूच्या बाजारात काही मिळेनासं झालंय की काय.

शनिवारी जागृतीला विचारलं. ती हसली. "माझ्या मागे येतो तो, मावशी. शाळेच्या अलीकडे थांबतो, मी आत गेले की वळतो. माझ्या आणि मागच्या ट्रकांच्या मधे राहायचं, एवढंच त्याचं काम."

"मग सांगत का नाहीस त्याला, की दिसतोस म्हणून?"

"नको," ती म्हणाली. "त्याची स्कूटर पस्तीसच्या वर गेली की खडखडते. म्हणून मी तीसनेच जाते. घरून थोडं लवकर निघावं लागतं, बस."