बोर्डावरचं बदक आणि परदेशी गिऱ्हाईक

दाजींचा यात फायदा किती, तर एक केबिन. दार असलेली, खिडकी असलेली, आणि आत बसून जांभई दिली तरी बाहेर कुणाला न दिसणारी! आमच्या बटणांच्या कारखान्याचे मॅनेजर निवृत्त होणार होते, परदेशी गिऱ्हाईक येणार होतं, आणि मालकांनी जाहीर केलं होतं, "तोवर सगळ्यांना जो इंग्रजी शिकवेल, केबिन त्याची."

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कारखान्याचे हेडक्लार्क. मी तिथलाच स्टोअरकीपर.

"मेव्हणे, केबिन आपल्या खिशात!" दाजी म्हणाले. "प्राण्यांच्या छोट्या छोट्या गोष्टी लिहितो, सोप्या इंग्रजीत. शेवटी तात्पर्य."

"पण सुट्टी झाल्यावर वर्गाला थांबणार कोण?"

"वर्ग कशाला? नोटीस बोर्डावर लावतो. तो सगळ्यांना वाचावाच लागतो!"

घोळ झाला तो इथे. बोर्डावरचा कागद वाचायचा, खाली सही करायची आणि त्याबरहुकूम वागायचं, असा नियम होता. नियम दाजींचाच. तो मोडणाऱ्याला मेमो देणारेही दाजीच.

पहिली गोष्ट गोगलगायीची. तात्पर्य: सावकाश जाणारा चुकत नाही. लोकांनी डिक्शनऱ्या उघडल्या, अर्थ लावला, सह्या केल्या. दुपारपासून पॅकिंगवाले प्रत्येक बटण असं उचलायला लागले, जणू आतून पिल्लू बाहेर येणार आहे!

"अरे, हात हलवा!" दाजी ओरडले.

"सही केलीय, साहेब," मुकादम शांतपणे म्हणाला. "तुम्हीच लावलंय."

दाजी चिडायचे सोडून खूश झाले. "बघा मेव्हणे! समजलं त्यांना!"

दुसरी पोपटाची. फार बोलला म्हणून पिंजऱ्यात गेला. टेलिफोनवाल्या बाई दिवसभर फोन उचलून "येस" म्हणत राहिल्या आणि ठेवत राहिल्या.

तिसरी बदकाची. कोल्हा खाऊचा खोका घेऊन हसत हसत दारात येतो, बदक दार उघडतं, पुढे फक्त पिसं उरतात. तात्पर्य: हसऱ्या अनोळखी माणसाला दार उघडू नका. ही गोष्ट गेटवरच्या वॉचमनकाकांनी पाठच केली.

आणि गिऱ्हाईक आलं! वेळेआधी, एकटंच, काखेत चॉकलेटांचा भला मोठा खोका आणि तोंडभर हसू.

"यू स्माइल," काका म्हणाले. "यू फॉक्स. नो डोअर."

गोरा साहेब आणखी हसला. काकांनी कडीवर कुलूप चढवलं.

मालक धावत आले. मागे दाजी, चुना लावल्यासारखे पांढरे.

"काका, उघडा! ते पाहुणे आहेत!"

"बदकालाही तसंच वाटलं होतं."

"अहो, मी मालक सांगतोय!"

"तुम्ही तोंडी सांगताय. बोर्डावर लेखी आहे."

शेवटी दाजींनी पळत जाऊन बोर्डावरचा कागद काढून आणला, काकांनी तो उलटसुलट तपासला, मग कुलूप निघालं. तोवर पाहुणा उन्हात चांगला भाजून निघाला होता.

"हा काय प्रकार?" मालक गरजले. काकांनी ताठ उभं राहून अख्खी गोष्ट इंग्रजीत म्हणून दाखवली. न अडखळता, पिसांसकट. पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. इतकं स्वच्छ इंग्रजी आपण कुठल्याच गेटवर ऐकलं नाही म्हणाला, आणि ऑर्डर दिली!

दाजींनी हळूच केबिनकडे पाहिलं.

"शब्द म्हणजे शब्द," मालक म्हणाले. "केबिन तुमची. रोज संध्याकाळी तिथे वर्ग घ्या. बोर्डावर मात्र यापुढे प्राणी दिसता कामा नये."

केबिनमध्ये बाकं आली, त्यामुळे खुर्ची बाहेर गेली. दाजी उभ्यानं शिकवतात. खबरदारी म्हणून प्रत्येक नवी गोष्ट आधी घरी ताईला ऐकवतात. तात्पर्यानं कुणाचं नुकसान होत नाही ना, ते बघायला. काल मुंगीची होती: ज्याचं ओझं त्यानंच उचलावं. ताईला ती फारच पटली. सकाळी तिनं दाजींचा डबा भरलाच नाही.

तर एकूण हिशेब असा: ऑर्डर मालकांना, चॉकलेटं वॉचमनकाकांना, केबिन बाकांना. आणि या सगळ्यात ज्याला काहीच मिळायचं नव्हतं, त्या माझा अर्धा डबा दाजींना!