उत्तमरावांची इंग्रजी हरकत

कुरुंद्याचे उत्तमराव एकदा हैदराबादेला जाऊन आले ते इंग्रजी घेऊनच आले. सगळी भाषा नाही हो, एकच शब्द! पण तोरा असा, की जणू साहेबाला बोलायला यांनीच शिकवलं.

“नापसंती दाखवायची तं शिव्या द्यायच्या न्हाईत,” ते बायकोला, नर्मदाबाईंना, समजावून सांगत होते. “उभं राह्यचं, हात वर करायचा आन् म्हनायचं, शेम! शेम! तिकडच्या सभेत मी डोळ्यानं पाह्यलं. बोलनारा मानूस मान खाली घालून बसला!”

“म्हंजे काय त्याचं?”

“लाज वाटू द्या, असं.”

“मंग तसंच म्हना की सरळ!”

“तहशीलदाराला? येडी का काय तू! मराठीत म्हनलं तं आत टाकील. इंग्रजीत म्हनलं तं इचारात पडंल.”

संकट तसं दारातच आलं होतं. मोकाट ढोरं कोंडायचा सरकारी कोंडवाडा उत्तमरावांच्या ओसरीला लागून बांधायचा बेत होता. रात्रंदिवस हंबरणं, शेण, माशा! निजामाचे तहशीलदार गावात सभा घेणार होते; तिथं कुणी हरकत घेतली तरच जागा बदलणार होती.

सभा भरली. तहशीलदारांनी जागा सांगितली. उत्तमराव ताडकन उठले, हात वर केला आणि गरजले, “शेम! शेम!”

आता एक गोष्ट हे शहाणे विसरलेच. गावच्या भजनात पुढं म्हणणारे तेच! त्यांनी ओळ टाकायची आणि गावानं मागून उचलायची, ही सवय सगळ्यांच्या हाडात मुरलेली. अख्खी सभा एका सुरात उठली, “शेम! शेम!” भजनात मृदंग वाजवणाऱ्या सोनाजीनं तर मांडीवर ताल धरला.

उत्तमरावांनी चिडून आवाज चढवला. गावानंही चढवला. टाळ्या सुरू झाल्या. “आरं, मला कोंडवाडा नको!” हे त्यांचं मराठी त्या गजरात कुणाला ऐकूच गेलं नाही.

तहशीलदारांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पाटलाला विचारलं, “ये क्या बोल रहे हैं?”

किसनराव पाटलालाही येत नव्हतं, पण गप्प बसेल तो पाटील कसला! “हुजूर, आपकी जय बोल रहे हैं!”

तहशीलदार विरघळले. असं स्वागत त्यांचं कुठल्याच गावानं केलं नव्हतं. “इतनी खुशी? तो कोंडवाडा दुगना बडा बनेगा! और नारियल यही साहब फोडेंगे!”

तोवर उत्तमरावांचा घसा पार बसलेला. हातात नारळ आला, तो त्यांनी सगळा राग काढून दगडावर आपटला. खोबरं पांढरंशुभ्र, पाणी साखरेसारखं!

“जागा मानवली हो!” गाव ओरडलं.

आणि उत्तमराव? त्यांनी प्रसाद वाटला. काय करतील!