गुलाबी भिंतीचे आबा घाडी

मागच्या वर्षी एका रविवारी मी मासळी घेऊन आमची टेकडी चढत होतो. अंगात घरातला टी-शर्ट, खाली अर्धी चड्डी, हातातल्या पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर आलेल्या. वळणावर एक मुलगी मोबाइल रोखून उभी होती. मला वाटलं, ही आपलाच फोटो काढतेय. हल्ली आमच्याकडे येणाऱ्यांना खरीखुरी माणसं फार आवडतात, असं ऐकून होतो. मी पोट आत घेतलं, पिशवी पाठीमागे लपवली, चेहऱ्यावर जरा कष्टकरी भाव आणला आणि श्वास रोखून उभा राहिलो. बराच वेळ. शेवटी ती अगदी नम्रपणे म्हणाली, "अंकल, थोडा साइड में प्लीज? पीछे का वॉल चाहिए."

पोट होतं त्या जागी परत आलं. मी सरकणार, तेवढ्यात वरून आवाज आला, "अजिबात हलू नको, बाळू! भिंत व्हयी तर माणूसय घेवचो लागतलो!"

हे आबा घाडी. मी एक्कावन्न वर्षांचा, दोन मुलांचा बाप, पण आबांच्या तोंडी अजून बाळूच. आणि आबांचा नियम असा, की आमच्या टेकडीवर नुसत्या भिंतीचा फोटो काढायचा नाही. भिंतीमागे जो राहतो तो भिंतीपुढे उभा राहणार, मगच फोटो. त्या मुलीनं शेवटी माझ्यासकट फोटो काढला. बांगडेही आले असावेत.

घाटकोपरची ही टेकडी म्हणजे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे. माझ्या लहानपणी इथे पत्रे होते, पत्र्यांवर दगड होते आणि दगडांवर कोंबड्या होत्या. बाहेरचा माणूस वर यायचा तो एक तर पोस्टमन, नाही तर चुकलेला. मग काही वर्षांपूर्वी रंगाचे डबे घेऊन हसतमुख तरुण मंडळी आली आणि दोन शनिवार-रविवारांत त्यांनी घरांच्या बाहेरच्या भिंती निळ्या, पिवळ्या, हिरव्या करून टाकल्या. आबा तेव्हा दोन दिवस गावी गेले होते. परत आले तर घर गुलाबी. "माका कोणी विचारूक नाय," ते आजही तक्रार करतात. "पंचाहत्तरीक टेकलेलो माणूस मी, ह्या वयात गुलाबी घरात रवतंय!" पावसात त्यांचं छप्पर तीन ठिकाणी गळतं, ते मात्र कुणी रंगवलं नाही.

खालून मेट्रोतून टेकडी रंगपेटीसारखी दिसते. त्यामुळे लोक यायला लागले. आधी कॉलेजची मुलं, मग मोठे कॅमेरेवाले, मग झेंडा धरलेला गाइड आणि त्याच्यामागे टोप्या घातलेले परदेशी. आम्हाला पहिले सहा महिने फार मजा वाटली. घराघरांतून लोक केस विंचरून दारात बसायचे. मग एके दिवशी शेजारच्या सुनंदाताईंचा वाळत घातलेला गाऊन कुणाच्या तरी रीलमध्ये गाण्याच्या तालावर हलताना त्यांच्या जावयानं पाहिला. एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या नवरीनं आपला घेरदार झगा नऊ पायऱ्यांवर पसरला, आणि गॅसवाला खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन खाली अर्धा तास 'हटो ना यार' म्हणत उभा. नळावर भांडणाऱ्या बायकांचंसुद्धा शूटिंग व्हायला लागलं. भांडणातली गंमतच गेली.

सगळे वैतागले, एकटे आबा सोडून. त्यांचं घर अगदी शेवटचं, एकशे चार पायऱ्यांवर. रविवारी दहाच्या ठोक्याला आबा इस्त्रीचा शर्ट आणि फुलपँट घालून दारात उभे. वर पोचलेल्या प्रत्येकाला आधी चपला काढायला लावायच्या. मग गुळाचा खडा आणि तांब्यातलं पाणी. "चढान इल्लो माणूस तसोच धाडूचो नाय," हे त्यांचं वाक्य. मग चौकशी, गाव कुठलं. कुणी फ्रान्स सांगितलं तर आबांचा पुढचा प्रश्न, "कणकवलीपासून किती लांब?" गाइड बिचारा मोबाइलवर बघून आकडा सांगायचा. आबा मान डोलवायचे, "मगे येवक-जावक त्रास पडत असतलो."

फोटोत ते रेशनकार्डावर असल्यासारखे उभे राहतात. जगातल्या किती फोनांमध्ये गुलाबी भिंतीपुढे आमचे आबा रागावून उभे आहेत, देव जाणे.

शेवटी आमच्या रहिवासी मंडळाची बैठक झाली. खालच्या पायरीशी लोखंडी गेट लावायचं, शनिवार-रविवार कुलूप, चावी फक्त राहणाऱ्यांकडे. मात्र आमच्या मंडळाची जुनी रीत आहे, की पायवाटेला हात लावायचा तर प्रत्येक दाराची सही हवी. एक दार जरी नाही म्हणालं तर काम होत नाही. मंडळाचा सेक्रेटरी मी. एकदा बैठकीला मी एकटाच वेळेवर गेलो होतो, तेव्हापासून. त्रेसष्ट दारांच्या सह्या मी दोन दिवसांत आणल्या. चौसष्टावं दार आबांचं. गेट लागलं तर त्यांचा रविवार जाणार होता, आणि आबा तो सोडायला तयार नव्हते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी गूळ दिला, माझ्या वडिलांच्या तीन गोष्टी सांगितल्या आणि कागदाची घडी घालून माझ्याच खिशात ठेवली. दुसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला. "आबा, लोक आपल्याला प्राणिसंग्रहालय समजतात. तुम्हाला काय त्यांचं एवढं?"

"तुका नाय समजाचा," आबा म्हणाले. "मी सही करूचंय नाय. जा, सांग मंडळाक."

मी मंडळात जाऊन सांगितलं. मंडळानं मलाच चार शब्द सुनावले. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम रविवारी गेलो. म्हटलं, पाहुण्यांसमोर तरी म्हातारा वाद घालणार नाही. आबांनी मला बघितलं, हातात गुळाची ढेप दिली आणि आत पिटाळलं. "फोडून दे. आज मोठी टोळी इली हा."

आत खिडकीशी खाटेवर घाडीकाकी बसल्या होत्या.

काकींबद्दल सांगायला हवं. आमच्या लहानपणी ही टेकडी काकींच्या खाणावळीमुळे ओळखली जायची. आबा गिरणीत, आणि घरात बावीस पानं. विक्रोळीच्या कारखान्यांत आणि कुर्ल्याच्या गिरण्यांत कामाला लागलेली कोकणातली एकटी पोरं दोन वेळा जेवायला एवढ्या पायऱ्या चढून यायची. बांगड्याच्या तिखल्याचा वास आमच्या घरापर्यंत उतरायचा आणि आई आम्हाला म्हणायची, "तिकडे बघू नका, आपल्याकडे पिठलं आहे." काकी उंबऱ्यात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच विचारायच्या, जेवलंस काय? खाणावळीत जेवायलाच आलेल्या माणसाला! पुढे गिरण्या गेल्या, आबा कुठेकुठे वॉचमन झाले, जेवायला येणाऱ्या पोरांची लग्नं झाली, पानं कमी होत होत दोनावर आली. काकींचे गुडघे गेले. त्या खाली उतरत नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे टेकडीला किती पायऱ्या आहेत हे जसं माहीत असतं, तसंच. त्यावर कुणी विचार करत नाही.

त्या रविवारी काकींनी काठाची साडी नेसली होती. वेणीत अबोली. बाहेर टोळी चपला काढत होती आणि काकी कान देऊन पावलं मोजत होत्या. "चौदा," मला म्हणाल्या. मग खिडकीतून हाक, "जेवलंस काय गो?"

बाहेरच्या गोऱ्या बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मला कळलं ते एवढंच, की रंग फार सुंदर आहेत. आबांनी ताबडतोब खिडकीत तोंड घालून भाषांतर केलं, "म्हणतत, काकी, तुझी सोलकढी एकदा चाखूक व्हयी!"

काकी तोंडाला पदर लावून हसल्या. "काय खोटा बोलतास तुमी! तिका माझी सोलकढी खंय म्हायत?" आणि माझ्याकडे वळून, "दर रविवारी वेगळा काय तरी सांगतत. मागच्या खेपेक त्या जपानी माणसाक म्हणे माझे घावणे आवडले. माका सगळा समाजता रे. पण चार वर्षां झाली, दोन बायलो सोडल्यो तर दुसरा कोण चढान येता? बहीण कळव्याक. म्हणता, तुझ्या पायऱ्यो बघून धाप लागता. माझो झिलगो विरारसून फोनात दिसता." मग खिडकीकडे बघून, "आवाज येतत ना पोरांचे, बरा वाटता."

मी गूळ फोडत राहिलो. जरा जास्तच बारीक फोडला.

"कागद खंय तो गेटाचो?" काकींनी विचारलं. मी गडबडलो. त्यांनी हात पुढे केला. कागद घेतला, उलटासुलटा पाहिला आणि खिडकीतून हाक मारली, "आयकलात? हय येवा. सही करा."

आबा दारात आले. "कित्याक? मी काय सांगितलंय तुका?"

"सुनंदाच्या गाऊनाचा काय झाला ता माका तिनाच सांगितला. पोरींनी कपडे खंय सुकत घालूचे? आमका करमणूक व्हयी म्हणून सगळ्यांच्या घराक डोळे लावूक देवचे?" काकींचा आवाज खाणावळीतला होता, एका दमात बावीस पोरांना गप्प करणारा. "करा सही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मीच काही चोरल्यासारखं. मग इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि सही केली. बाहेर चौदा माणसं गुळाची वाट बघत होती. आबा ताटली घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच गाव विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात गेट लागलं. कुलूप लागलं. मंडळानं माझं अभिनंदन केलं. गेटला कुणीतरी उत्साहात निळा रंग दिला, तर आता लोक गेटपुढे उभे राहून फोटो काढतात. पण वर कुणी येत नाही. गाऊन निवांत वाळतात. नळावरची भांडणं पूर्वीसारखी रंगतात.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता मी पेपर वाचत पडलो होतो. माझी बायको सुलभा समोर येऊन उभी राहिली. "उठा. वर जायचंय." मी म्हटलं, अगं रविवार आहे. ती म्हणाली, "म्हणूनच." हातात तिनं झाकलेलं पातेलं दिलं, मासळीचं.

वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. आबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, फुलपँट. खाली पायऱ्यांकडे पाहत होते. मला बघून दचकले. "काय रे, आणखी सही रवली?"

"नाही आबा. असेच बसायला आलो."

आबांना काय करावं सुचेना. फ्रान्सच्या माणसापुढे न अडखळणारा हा गृहस्थ, तांब्या शोधायला लागला तर तो हातातच होता. आतून काकींचा आवाज, "कोण इला?"

"कोण नाय गो," आबा म्हणाले, आणि मग घसा खाकरून, "बाळू इलो. बायलेक घेऊन."

जेवलो. तीन तास बसलो. काकींनी माझ्या आईच्या त्या पिठल्याच्या वाक्याची अशी नक्कल केली, की आबा हसून हसून खोकले. मी निघताना सगळ्यांचा एक फोटोही काढला, भिंतीसकट, माणसांसकट, आणि तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. उतरताना मला फार हलकं वाटत होतं. मी सुलभाला म्हटलं, "बघ, माणसानं वेळ काढला पाहिजे. किती आनंद झाला त्यांना. मला वाटतं आज आपण एक चांगलं काम केलं."

सुलभा दोन पायऱ्या पुढे होती. मागे न बघता म्हणाली, "चपला काढल्यात, गूळ खाल्लात, फोटो काढलात आणि खाली आलात. गोरे लोक तरी यापेक्षा वेगळं काय करायचे? मी रोज दुपारी वर जाते, काकींची वेणी घालायला. आणि सकाळी तुम्ही घोरत असता तेव्हा ते आबा आपल्या नळावरून कळशी भरून वर नेतात, एकेका पायरीवर टेकत. उद्या साडेसहाला उठा. कळशी तुम्ही न्यायची."