आबा मास्तरांच्या पोटातले तीन दाते

आमचे शेजारी आबा मास्तर आल्यागेल्याला स्वतःचं पोट दाखवत. शर्ट वर करून नव्हे. मुंबईला काढलेला क्ष-किरणांचा फोटो खिडकीशी नेऊन. "उजेडाला धरा!" एवढा हुकूम सोडून पाहुण्याचा चहा निवेपर्यंत आतडी समजावत.

मला मात्र त्यांनी तो दाखवला नव्हता; सात वर्षं आमचं बोलणंच बंद होतं. आमच्या दोघांच्या आवारांमधल्या दगडी गडग्यात एक दार होतं. त्यातून बंदर चार पावलांवर. तेवढी वाट विकत मागितली, तर म्हणाले, "विकायची नाही. जा की फुकट." फुकट या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप! तेही माझ्याच दुकानातलं, गड्याकरवी नेलेलं. तेव्हापासून माझा माल लांबच्या वळशाने जाई आणि प्रत्येक खेपेला मी मास्तरांचा उद्धार करी.

यंदा मास्तर पांढरेफटक पडले. शौचातून रक्त जात होतं, कुठून ते कळेना. मुंबईत त्यांना पांढरं औषध पाजून फोटो काढला. "तीस वर्षं खडू नाकातोंडात गेला, आता पेलाभर प्यालो," म्हणत. फोटोत पोटाच्या तोंडाशीच एक विचित्र डाग आला. डॉक्टर पोट फाडायची भाषा बोलू लागले.

शेवटी राहवलं नाही. मी ओटीवर जाऊन उभा राहिलो. "बघू तो फोटो."

"तुम्ही? बरं, उजेडाला धरा."

धरला. औषधाच्या पांढऱ्यात दांडा बुडालेला, पण तीन दाते स्वच्छ बाहेर. हयात कुलपं विकण्यात गेली माझी.

"मास्तर, ही किल्ली आहे! जानव्याला बांधता ती! अंगावरचं सगळं काढा म्हणून सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," मास्तर ओशाळले. "मी ती पाठीमागे सरकवली. म्हटलं, फोटो पुढून निघतो."

"अहो, आरपार निघतो तो! मुलांना काय शिकवलंत? किल्लीपायी पोट फाडून घेणार होतात? काढून ठेवायला काय झालं होतं?"

"हरवली असती. मग तुम्ही मागितलीत तर काय दिलं असतं?"

मी चढ्या आवाजात विचारलं, "मग आपण होऊन दार का नाही उघडलंत?"

"रोज सकाळी दाराशी येत होतो. तुम्ही पलीकडून शिव्या देत असायचात. म्हटलं, आज नको."

दोन दिवसांनी मास्तर पुन्हा फोटो काढायला निघाले. बंदरात आगबोटीचा भोंगा झाला. त्यांनी जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. कुलूप गंजलेलं, खोबरेल घातलं तेव्हा निघालं.

"घेता का परत कुलूप?" मास्तरांनी विचारलं.

"वापरलेला माल मी परत घेत नाही," मी म्हणालो, आणि त्यांची वळकटी खांद्यावर घेऊन दारातून पुढे झालो.