अंगाएवढी खोप

काडी ओढू नका मावशी, काडी ओढू नका, असं ओरडत मी पळाले, रेशनची पिशवी कुठं पडली ते पण कळलं नाय. झाडणाऱ्या मावशी पाल्याच्या ढिगापाशी काडीपेटी घेऊन वाकल्या होत्या आणि ढिगातून माझ्या आरूची लाल चप्पल दिसत होती. चप्पल हलत नव्हती. मी दोन्ही हातांनी पाला उपसला. आत आरू, चार वर्षांची पोर, घामेजलेली, गाढ झोपलेली.

मावशींना काय माहीत, त्यांना पाला म्हणजे कचरा. तो ढीग नव्हता, गांगुर्डेकाकांची खोप होती.

काका आमच्या शेजारचे. ओझरला विमानाच्या कारखान्यात होते, आता रिटायर. बायको वारली, मूलबाळ नाय. त्यांना एकच नाद, जंगलात हरवलेला माणूस थंडीनं मरू नये. आता नाशिकच्या कॉलनीत जंगल कुठं? तरी मोकळ्या प्लॉटवर खोपी बांधायचे. लांब लाकूड झाडाच्या बेचक्यात टेकवायचं, दोन्ही बाजूंनी फासळ्यांसारख्या काटक्या, वर वाळका पाला. पाल्यात खांद्यापर्यंत हात गेला पाहिजे, नायतर कमी. आणि खोप अंगाएवढीच पाहिजे, म्हणायचे, मोठी केली की गार.

दिसेल त्याचं माप घ्यायचे. कॉलनीच्या चेअरमनला म्हणाले, तुम्हाला ट्रॉलीभर पाला लागेल. तेव्हापासून चेअरमन त्यांच्याशी बोलत नाय. कोणी म्हटलं, काका, आता मोबाईल असतो, तर विचारायचे, "मोबाईल पांघरता येतो का?" मी लय हसायचे. सासूबाई मात्र बजावायच्या, त्या येड्यापाशी पोरीला सोडू नको. नवरा पण तेच.

आणि मीच सोडली. रेशनच्या मशीनवर अंगठा द्यायचा होता, ऊन लागत होतं, पोर किरकिर करत होती. काकांना म्हटलं, अर्धा तास बघा. त्यांनी तिच्या मापाची खोप केली, ती आत झोपून गेली, ती उठली की लागेल म्हणून ते घरात पाणी आणायला गेले. तेवढ्यात मावशी आल्या.

घरी मी काय सांगितलं? काका न विचारता घेऊन गेले, म्हटलं. भीतीनं तोंडातून निघून गेलं. नवरा म्हणाला, लेखी तक्रार दे. चेअरमनला तेच पाहिजे होतं, प्लॉटला कुलूप लावतो, काकांना पाय ठेवू देत नाय, म्हणाले.

मला अर्ज लिहिता येत नाय, सातवीत शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाच दारात आले. केसांत पाल्याचा चुरा, हातात कागद. अर्ज त्यांनीच लिहिलेला, त्यांच्याच विरुद्ध, अक्षर छापल्यासारखं. मी बोट ठेवून वाचला. 'गांगुर्डे माझ्या मुलीला मला न विचारता घेऊन गेले. यात माझा काही दोष नाही.'

आमची त्यांची भिंत एक. त्यांनी ऐकलं होतं.

मी म्हटलं, काका, हे खोटं हाय.

"सही कर," ते हळू म्हणाले. "तुला घरात उत्तर द्यायचंय. मला कोण विचारतंय?"

पेन पण तेच घेऊन आले होते, टोपण काढून माझ्या हातात दिलं. आतून सासूबाई विचारत होत्या, कोण आलंय गं. काका माझ्याकडं बघत पण नव्हते, कागद उडू नये म्हणून कोपरा धरून उभे होते.

तुम्ही असता तर सही केली असती का, सांगा.