कुंदाबाईंची कुडी आणि तांबड्या मातीची मोहीम

श्रीकुलस्वामिनी समर्थ. वाचणारांनी हातचे काम बाजूस ठेवून, मान न वळविता ऐकावे. शके एकोणीसशें आठ, क्षयनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, मुलूख मुलुंड पूर्व, इमारतीचे मागील अंगणी जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत आम्ही रुक्मिणीबाई, तळमजल्याच्या सासूबाई, लिहितो. जे घडले ते डोळ्यांनी पाहिले, आणि जे पाहिले नाही तेही आम्हांस ठाऊक आहे.

कारण ऐसे जे, आमच्या सूनबाई, सौभाग्यवती कुंदाबाई, तुळशीच्या आळ्यात नवी माती घालीत असता त्यांच्या उजव्या कानातील सोन्याची कुडी गळाली. ऐसे त्यांचे म्हणणे. परंतु शेजारच्या वनमालाबाई, ज्यांचे मुखी अवघ्या इमारतीचे दफ्तर, त्यांनी जिन्यात जाहीरनामा काढिला की, कुडी मोडून नाहूरास माहेरी भावाची अंगठी केली असेल, रविवारी त्याचे लग्न आहे ना. आणि आम्ही तरी काय, सूनबाईंची पेटी दोन वेळा उघडिली. केवळ हवा लागावी म्हणून. मग सूनबाईंनी निर्वाणीचा खलिता दिला की, कुडी मिळेतो भावाचे लग्नास पाऊल घालणार नाही.

मग कुमक बोलाविली. जावई चंद्रप्रकाशराव, जमिनीखालचे नळ धुंडण्याची यंत्रे दुरुस्त करितात, ते एक यंत्र आणि दोन तबकड्या घेऊन दाखल जाहले. तबकडीस ते कॉइल म्हणतात. एक परातीएवढी, एक बशीएवढी. दांड्यास लावून जमिनीवरून फिरवावी, खाली धातू असला तर यंत्र ओरडते. जावई अर्ज करू लागले की, कोणती लावायची ते मातीवर असतं, आई. आम्ही हुकूम फर्माविला की, मोठी लावा. घरात परात असता बशीत कणीक कोण मळतो?

परात लाविली मात्र, यंत्राने आकांत मांडिला. जेथे न्यावी तेथे कोकले, आणि जेथे कोकले तेथे खणावे. पाच ठिकाणी मोर्चे खणले, अळू कामास आला, तुळस कलंडली, कुडी नाही. वनमालाबाई खिडकीतून म्हणाल्या, "काय हो रुक्मिणीबाई, सोन्याची खाणच लागली वाटतं?"

मग जावयांनी परात कुंपणालगतच्या काळ्या मातीवर नेली, तो यंत्र मुके. तेव्हा ते हळूच बोलिले, "आई, ही तांबडी माती कुठली हो?"

आता ही माती सामान्य नव्हे. मुंबईच्या मातीत तुळस धरत नाही म्हणून आम्ही खुद्द मालवण प्रांतीहून तीन गोणी एस्टीच्या टपावर घालून, कंडक्टराशी लढून आणविली, आणि तुळशीभोवती अंगणभर पसरविली. ऐशा मातीविषयी जावयांचा निवाडा की, तीत लोखंड भरले आहे; परात एका दमात ढीगभर माती ऐकते, मग मातीच ओरडते, कुडीचे कोण ऐकणार? बशी थोडीच माती ऐकते. ती फार खोल जात नाही, परंतु कुडी काही पाताळात गेलेली नाही. गावची माती गुन्हेगार ठरविणे ही बेअदबीच. परंतु जावई पडले, आणि जेवण व्हायचे होते, सबब माफ केले.

मग बशी चढविली, आणि ती मातीवर वरखाली करून, एक खुंटी पिळून, यंत्रास त्या मातीची सवय लाविली, आणि चार चार बोटे पुढे सरकत दोन तास मुलूख पालथा घातला. यंत्र कुरकुरे, परंतु ओरडेना. मग तुळशीच्या मुळापाशी एकच टोला दिला, स्वच्छ. कुंदाबाईंनी बोटांनी माती उकरली आणि कुडी वर आली. फिरकी मात्र मातीनेच ठेवून घेतली.

सूनबाई रडतील ऐसा आमचा अंदाज होता, तो चुकला. कुडी पदरास पुसून म्हणाल्या, "आई, पेटी तिसऱ्यांदा उघडून देऊ, की कानातच घालू?"

ऐसे बोलणे या घरी आजवर कोणी बोलले नव्हते. वनमालाबाईंची खिडकी लागली. आम्ही आपल्या उजव्या कानातील कुडीची फिरकी, जी चाळीस वर्षे हलली नव्हती, ती साबण लावून काढिली, आणि स्वहस्ते सूनबाईंच्या कानी पिळली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. रविवारी सूनबाई दोन्ही कानी कुड्या घालून नाहूरास रवाना जाहल्या, आणि त्यांचा शब्द खरा होता, ऐसे दफ्तरी लिहून ठेविले. आमचा उजवा कान मोकळा दिसतो. त्याची चौकशी कोणी करू नये.