कॅप्टन सोनवणे घाट उतरत नाहीत

सावधगिरीने माणूस थोर होतो म्हणतात. आमच्या सोसायटीतले कॅप्टन सोनवणे सावधगिरीने फक्त नकोसे झाले होते.

मूळचे सटाण्याचे. नव्वदच्या दशकात नव्या खासगी विमान कंपन्या निघाल्या, त्यांतल्या एकीत वैमानिक होते. एक दिवस नोकरी सोडून नाशिकला कॉलेज रोडवर राहायला आले. कोणी गडबड केली की त्यांचा एकच प्रश्न: "घाई कोणाची आहे?" तो त्यांनी गॅस सिलिंडरवाल्याला विचारला, माझं अपेंडिक्स काढायला निघालेल्या सर्जनला विचारला आणि सत्यनारायणाचा पाचवा अध्याय दीड मिनिटात उरकणाऱ्या गुरुजींनाही विचारला. गुरुजी पुढच्या वर्षी आलेच नाहीत.

मुलाचं, नीलेशचं, लग्न कल्याणला ठरलं. मुहूर्त सकाळी दहा अठ्ठावीसचा. वऱ्हाडाची बस पहाटे निघाली आणि इगतपुरीच्या पुढे, कसारा घाटाच्या तोंडाशी, धुक्यात शिरली.

कॅप्टन उठले. "थांबव."

"साहेब, ह्यो घाट मी डोळे झाकून उतरवतो," ड्रायव्हर म्हणाला.

"तेच नको आहे."

नीलेश फेटा सावरत पुढे आला. "पप्पा, प्लीज. ते लोक मांडवात बसलेत."

"बसू देत. बसलेल्या माणसाला काही होत नाही."

बस ढाब्यावर पावणेदोन तास उभी राहिली. आमच्या देखत आठ बसगाड्या घाटात शिरल्या. आठही सुखरूप उतरल्या, हे कॅप्टनच्या मेहुण्यांनी पुढे वर्षभर सांगितलं.

मुहूर्त हुकला. तिथल्या गुरुजींनी पंचांगातून बाराचा काढला, तो निघतोच. पण मांडवात, सगळ्यांसमोर नीलेश म्हणाला, "तुम्ही भित्रे आहात पप्पा. म्हणूनच नोकरी सुटली."

कॅप्टन पंगतीच्या टोकाला माझ्याशेजारी येऊन बसले. मठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "बरोबर बोलला पोरगा. फक्त मी धुक्याला नव्हतो भ्यालो."

"मग?"

"धावपट्टी दिसली नाही तर उतरायचं नाही, असा नियम. पावसात दोनदा मी विमान दुसऱ्या शहरात नेलं. दोन्ही वेळा कंपनीचं पत्र आलं. इंधन तुमच्या वडिलांचं आहे का, असं अगदी सभ्य इंग्रजीत विचारलं होतं. तिसऱ्यांदा उतरवलं."

"म्हणजे धावपट्टी दिसली?"

"उतरल्यावर दिसली. एकशे चार माणसं होती मागे."

"सरकारी तपासनीस असतात ना?"

"आले होते. कंपनीच्या गाडीतून. कंपनीच्या हॉटेलात जेवले आणि 'समाधानकारक' लिहून गेले."

जिलबी वाढून गेली. त्यांनी ती पानाच्या कडेला सारली.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. मी दाराशी उभा होतो. एका म्हातारीने उतरताना माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाली, गुणाचं लेकरू."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्यावरही पत्र आलं असेल?"

"आलं ना. अभिनंदनाचं. विमान चार मिनिटं आधी पोचलं होतं."